नाईल व्हिलाचं दर्शनी दार

"हे दार पायजे," नागनाथअप्पांनी मोबाईल माझ्या चष्म्याला जवळजवळ टेकवला. "हुबेहूब. एक रेघ इकडची तिकडं नको."

मी मोबाईल हातभर लांब धरला. फोटोत अप्पा उभे होते. डोक्यावर टूर कंपनीची पिवळी टोपी, गळ्यात पाण्याची बाटली, आणि पोटामागे एक दगडी दार. दाराच्या चौकटीत दुसरी चौकट, तिच्यात तिसरी, असं आत आत निमुळतं होत गेलेलं, आणि अगदी मधोमध टीचभर रुंदीची चीर. सगळीकडे पक्षी, डोळे आणि साप कोरलेले.

"अप्पा, हे दार उघडत नाही," मी म्हणाले.

"कुलूप असंल."

"कुलूप नाही. मागे भरीव दगड आहे. नुसता दाराचा देखावा. इजिप्तमध्ये असली दारं थडग्यात असायची, घरात नाही."

अप्पांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चहाचा घोट घेतला.

"आसं बगा मॅडम. मेलेल्याला जर आसलं दार, तर आपुन तर जित्ते आहोत. आपल्याला कामून नको?"

मी उदगीरच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. इजिप्त हा माझा आवडीचा विषय. पण इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं 'परीक्षेला येईल का' याखेरीज त्यावर दुसरा प्रश्न विचारला नव्हता. आणि इथं गावातले एक नावाजलेले डाळ मिलवाले गुळाची ढेप आणि एक फोटो घेऊन माझ्या दारात आले होते. बायपासला मोठा बंगला बांधायचा होता, पूर्ण इजिप्त पद्धतीचा. नाव आधीच ठरलं होतं, 'नाईल व्हिला'. मी सल्लागार व्हावं अशी त्यांची इच्छा होती. मी लगेच हो म्हटलं. उपाशी माणसाला कोणी जेवायला बोलावलं तर तो स्वयंपाकी कोण, हे विचारत नाही.

पहिली बैठक अप्पांच्या जुन्या घरी झाली. डाळ बाजारामागच्या गल्लीत चार खोल्यांचं पत्र्याचं घर. दार सदा उघडं. आणि दारात अव्वा. अव्वा म्हणजे अप्पांच्या आई. उंबऱ्यावर बसायचं नसतं, म्हणून उंबऱ्याला लागून पाट टाकून बसायच्या. पुढ्यात सुपात तूर. हात डाळ निवडत, डोळे गल्ली निवडत. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाची म्हैस आटली, कोणाचा पोरगा शाळेच्या नावाखाली तळ्यावर जातो, सगळं त्या पाटावरून कळायचं. माझं लग्न का मोडलं होतं, हे मला स्वतःला समजायच्या आधी अव्वांना समजलं होतं.

आत वास्तुभूषण सोनपेठकर नकाशा पसरून बसले होते. हे गृहस्थ गळ्यात होकायंत्र घालून हिंडायचे. दिशा बघून झाल्यावर ते दीर्घ उसासा टाकत, आणि उसासा जेवढा दीर्घ तेवढा उपाय महाग, असं गावात बोललं जाई.

त्या दिवशीचा उसासा फारच दीर्घ होता.

"अप्पासाहेब, प्लॉट दक्षिणमुखी. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. इकडून दार नाही चालणार. दार उत्तरेला, मागच्या बोळात."

अप्पांचा चेहरा पडला. बायपास दक्षिणेला होता. सगळं गाव, सगळ्या गाड्या, लातूरला जाणारी प्रत्येक एसटी तिकडूनच जायची. मागच्या बोळात फक्त एक गोठा होता. बंगला बांधायचा आणि दार म्हशींना दाखवायचं?

अप्पांनी मग हळूच मोबाईल काढला. सोनपेठकरांनी फोटो पाहिला.

"मॅडम म्हणतेत, हे उघडत न्हाई म्हणून."

"उघडत नाही?" सोनपेठकर ताठ बसले. "अहो, मग उत्तमच! यम येईल, दार दिसेल, ढकलेल, उघडणार नाही, हात हलवत परत जाईल. दक्षिणेला हेच दार. येणं-जाणं मागून, पार्किंगमधून."

मी मध्ये पडले. म्हटलं, हे दार घराचं नव्हेच. घराची दारं साधी असत. त्या देशात लाकूड दुर्मिळ, त्यामुळे लाकडी फळी म्हणजे मोठी चीज. माणसं घर सोडून जाताना दार उचकटून बरोबर नेत. चौकटीला लाल रंग देत, वाईटसाईट आत येऊ नये म्हणून. ज्याची ऐपत असे तो दाराच्या दगडी चौकटीवर आपलं नाव आणि हुद्दा कोरून घेई.

"नाव?" अप्पांनी एवढंच ऐकलं.

"आणि खिडक्या?" सोनपेठकरांनी विचारलं.

"लहान. छताच्या अगदी खाली, जाळीच्या. ऊन, धूळ आत येऊ नये आणि उजेड मात्र वरून उतरावा म्हणून."

"झकास," अप्पा म्हणाले. "एसीला बी बरं. अन् कोण आत डोकावत न्हाई."

दारातून अव्वांचा आवाज आला. "मंग आतल्यानं भाईर कुठनं डोकवायचं?"

"अव्वा, भाईर काय बघायचंय? भिंतीएवढा टीव्ही घेतलोय तुज्या खोलीत."

"टीव्हीतली माणसं मला हाक मारतेत का?"

अव्वांनी सूप बाजूला ठेवलं आणि पाटावरच आमच्याकडे वळल्या.

"नागू, मला काय बी नको. माज्या खोलीला रस्त्याकडनं एक खिडकी ठेव. बसून हात भाईर काढता येईल एवढी. बस."

अप्पांनी सोनपेठकरांकडे पाहिलं. सोनपेठकरांनी होकायंत्राकडे पाहिलं. "दक्षिण," ते म्हणाले. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ठेवा की अप्पा. इजिप्तचं आकाश काही कोसळत नाही." पण अप्पांना त्या दिवशी मी हवी होते ती त्यांना पटेल तेवढ्यापुरतीच. खिडकी छताखालीच राहिली.

निघताना अव्वांनी माझा हात धरला.

"बाई, त्या देशात म्हाताऱ्या बाया कुठं बसायच्या वो?"

"दारातच बसत असतील, अव्वा. आणखी कुठे बसणार?"

"मंग बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तिकडं म्हाताऱ्याच नव्हत्या."

बंगला उभा राहिला. खरं सांगते, तो बघून मला रडू आलं, आणि ते आनंदानं नाही. गच्चीच्या कठड्यावर सिमेंटची मांजरं बसली होती. खांबांना कमळं होती, आणि शेजारी गणपतीही होता, कारण महानंदाताईंनी, म्हणजे अप्पांच्या पत्नीनं, हट्ट धरला होता. दर्शनी दार मात्र हुबेहूब होतं. राजस्थानातून दगड आला, कारागीर आला. त्यानं फोटो मोठा करून भिंतीला चिकटवला आणि चित्रासकट, अक्षरासकट सगळं तसंच उतरवलं. लाल रंग ट्रॅक्टरचा होता, पण होता लाल.

"अप्पा, यावर जे कोरलंय ते दुसऱ्याच कोणाचं नाव आहे. त्या मेलेल्या माणसाचं," मी म्हणाले. "निदान ते तरी बदलू. मी लिहून देते."

"मॅडम, उदगीरात हे कोण वाचणार?"

"मी."

"तुमी तर घरच्याच!"

वर मराठीत, पितळी अक्षरांत 'श्री. नागनाथ शिवमूर्ती हलकुडे' बसवलं गेलं. एका दारावर दोन मालक झाले. त्यातला एक कित्येक हजार वर्षांपूर्वीच गेलेला होता, त्यामुळे त्यानं हरकत घेतली नाही.

गृहप्रवेशाच्या दिवशी बायपासवर मांडव आला. दाराला झेंडूचं तोरण, पुढे रांगोळी, दगडी उंबऱ्याला हळदीकुंकू. बाजार समितीचे माजी सभापती फीत कापायला आले होते. त्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, बँड वाजला, आणि सभापतींनी, जसं कुणीही करील तसं, दार ढकललं.

दार कसलं हलतंय! सभापतींना वाटलं, दार जड आहे. माणूस पैलवानकीतला. त्यांनी खांदा लावला. त्यांच्या मागे कार्यकर्त्यांनी खांदे लावले. बँडवाल्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, त्यांनी चाल वाढवली. शेवटी सोनपेठकर पुढे येऊन सभापतींच्या कानात काहीतरी पुटपुटले. सभापतींनी फेटा सरळ केला, "व्वा, मजबूत काम," असं म्हणाले आणि सगळे पाहुणे बंगल्याला वळसा घालून गोठ्यावरून पार्किंगकडे निघाले.

तेवढ्यात अव्वांची रिक्षा आली.

हलकुड्यांच्या घरात रीत अशी की नव्या घरात पहिलं पाऊल घरातल्या सगळ्यांत वडील बाईचं. पाण्यानं भरलेला कलश घेऊन तिनं उंबरा ओलांडायचा, मग बाकीच्यांनी. जंगम स्वामी आत पूजा मांडून वाट बघत होते. मुहूर्त टळायला फार वेळ नव्हता. अव्वा इरकली नेसून, गळ्यातलं लिंग नीट करून, कलश घेऊन उतरल्या. तोरण पाहिलं, रांगोळी पाहिली, उंबऱ्यावरचं हळदीकुंकू पाहिलं, आणि त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"उघडा की बाबा," त्या म्हणाल्या.

"अव्वा, हितनं न्हाई. मागनं," अप्पा म्हणाले. "पार्किंगमधनं."

"तिकडं उंबरा हाय का?"

पार्किंगला उंबरा कसा असेल? तिथं गाडी चढायला उतार होता आणि वर गुंडाळायचं शटर होतं. शिवाय पहिलं पाऊल तिथून पडूनही गेलं होतं. केटररचं मसालेभाताचं पातेलं सकाळीच आत गेलं होतं.

"अव्वा, मुहूर्त चाललाय."

"मी कुठं धरून ठेवलाय? हळदकुंकू ज्या उंबऱ्याला लावलाव, त्याच उंबऱ्यावरनं येणार मी. गाडी जाती तिथनं न्हाई. मी काय पोतं हाय का?"

आणि अव्वा बसल्या. न उघडणाऱ्या दारापुढे, रांगोळी जरा बाजूला सारून, मांडी घालून, कलश मांडीशी घेऊन. पाहुणे अर्ध्या वाटेतून परत आले. समोरच्या गॅरेजातली पोरं रस्त्यापलीकडून बघायला लागली. अप्पा घामाघूम झाले. त्यांनी आईला हळू आवाजात समजावलं, मग मोठ्या आवाजात, मग पुन्हा हळू. अव्वा दगडाकडे बघत होत्या.

मी अप्पांना बाजूला घेतलं. "ती मधली शिळा काढा. कारागीर अजून इथंच आहे. चौकट राहील, नक्षी राहील, फक्त दार खरं होईल. यायला वाट होईल आणि त्यांना बसायला दारही. आज नाही तर उद्या. नुसता शब्द द्या, त्या उठतील."

मला आजही खात्री आहे, त्या उठल्या असत्या.

अप्पांनी दाराकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. मग सोनपेठकरांकडे.

"दक्षिण," सोनपेठकर म्हणाले.

"अन् फोटोत तसं न्हाई ना, मॅडम," अप्पा म्हणाले.

ऊन चढलं होतं. अव्वांना साखरेचा आजार, सकाळपासून पोटात काही नव्हतं. महानंदाताई चांगली बाई. बंगल्याला वळसा घालून धावत गेल्या आणि ताट वाढून आणलं. पुरणपोळी नाही, अव्वांना चालायची नाही. ज्वारीची भाकरी, वरण, शेंगाची चटणी, दह्याची वाटी. ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून त्यांनी ते ताट दगडी उंबऱ्यावर, बरोबर त्या चिरेपुढे ठेवलं.

मी पाहिलं आणि माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं.

अव्वांचे कान म्हणजे कान. "काय झालं बाई?"

"काही नाही, अव्वा. जेवा."

"काय बी न्हाई कसं? तुमी ते वाचता म्हणं. काय लिवलंय त्याच्यावर? वाचा."

"राहू द्या."

"वाचा म्हणते ना!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. स्वामीही आतून आले होते. मला ती लिपी फार येते असं नाही, पण एवढी ओळ येते, कारण त्या दारांवर बहुतेक वेळा तेच लिहिलेलं असतं. मी चष्मा पुसला आणि वाचलं.

"या माणसाला हजार भाकरी मिळोत. हजार घागरी बिअर मिळो. हजार बैल, हजार पक्षी मिळोत. तो ते खावो, पिवो."

अंड्याच्या टरफलालाही न शिवणाऱ्या घराच्या दारावर हजार बैल आणि बिअर! स्वामींनी डोळे मिटले. सभापतींच्या एका कार्यकर्त्यानं "बिअर" हा शब्द नीट ऐकू आला का, हे दुसऱ्याला विचारून घेतलं.

"कुठला माणूस?" अव्वांनी विचारलं. त्यांना बैलांशी देणंघेणं नव्हतं. "कुणाला द्यायचं हे सगळं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मेलेल्या माणसाला," मी म्हणाले. "अव्वा, हे मेलेल्याचं दार आहे. जिवंत माणसानं यातून जायचं नसतं. घरचे लोक या दारापुढे ताट आणून ठेवायचे आणि निघून जायचे. मग गेलेला माणूस पलीकडून या दारातून यायचा, जेवायचा आणि परत जायचा."

अव्वांनी ताटाकडे पाहिलं. मग दाराकडे. मग त्या हसल्या. कडवट नाही, चांगल्या मोकळ्या हसल्या, गल्लीतलं एखादं लफडं कळल्यावर हसायच्या तशा.

"नागू," त्या म्हणाल्या, "म्हंजे मेल्यावर हितनं जेवायला बोलावणार. जित्ती हाय तवर पोत्यासंगं मागनं. व्हय ना?"

"अव्वा, आसं कामून बोलतीस?" अप्पांचा आवाज खरोखर कापला.

"बोलत न्हाई बाबा, इचारते. गाड्या समद्या दिसतेत हितनं, चांगलं हाय. पर मला दार पायजे, दाराचा फोटू नको."

त्यांनी कलश महानंदाताईंच्या हातात दिला. "तू जा, सूनबाई. तुजं घर हाय. मुहूर्त कशाला घालवायचा?" मग ताट स्वतः उचललं, वर पदर टाकला, रिक्षा थांबवली. मी त्यांना आधार द्यायला गेले, तर मलाच म्हणाल्या, "तुमी जेवून या वो. बुंदी चांगली झाली म्हणतेत."

मी जेवले नाही. रिक्षात त्यांच्या शेजारी बसले. जुन्या घराचं दार उघडंच होतं, त्याला कुलूप घालायचं कोणाच्या लक्षातच नव्हतं. अव्वांनी पाट टाकला, ताट पुढे घेतलं आणि जेवायला लागल्या. गल्लीतली एक बाई पाण्याची घागर घेऊन जाता जाता थांबली.

"अव्वा, आजच आलाव? नवं घर कसं हाय?"

"लई मोठं हाय," अव्वा म्हणाल्या. "दार बसायचं ऱ्हायलंय. बसलं की जाते."

जो जो विचारी, त्याला त्या हेच सांगत. दार बसायचं राहिलंय. पोराची बदनामी त्यांनी एका शब्दानंही केली नाही. अप्पा रोज मिलमधून येताना डबा घेऊन यायचे, आईजवळ बसायचे, "चल ना अव्वा" म्हणायचे. त्या म्हणायच्या, "बसलं का दार?" अप्पा घड्याळाकडे बघायचे. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दोघांच्या मध्ये एक शिळा होती, एवढंच.

अव्वा गेल्या त्या त्याच दारात. संध्याकाळी. सूप मांडीवरच होतं.

वर्षश्राद्धासारखा पुण्यस्मरणाचा कार्यक्रम अप्पांनी 'नाईल व्हिला'त ठेवला आणि मला आवर्जून बोलावलं. मी बायपासला रिक्षातून उतरले आणि मागे जायच्या आधी सहज दाराकडे पाहिलं.

इजिप्तच्या त्या दारांवर, चिरेच्या वर, एक चौकोन कोरलेला असतो. त्यात मेलेला माणूस भाकऱ्यांनी भरलेल्या मेजापुढे बसलेला असतो. अप्पांनी बरोबर त्या चौकोनावर अव्वांचा फोटो लावला होता. मोठा, चंदनाच्या हारासकट. पितळी अक्षरं काढून तिथं नवी बसवली होती, 'मातोश्री द्वार'. खाली दगडी उंबऱ्यावर चांदीचं ताट होतं. पुरणपोळी होती, वर तुपाची धार. वरणभाताची वाफ निघत होती.

अप्पा ताटाशी उभे होते. मला पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी खरं होतं.

"मॅडम, रोज पैलं ताट हितं. अव्वाला वाढल्याबिगर घरात कोण घास घेत न्हाई. गाव बघायला येतंय." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "तुमी सांगितलं होतं ना त्या दिवशी, त्या लोकांची पद्धत. तसंच करतोय. बरोबर हाय ना, मॅडम?"

मी दाराकडे पाहिलं. एक रेघ इकडची तिकडे नव्हती.

"हो अप्पा," मी म्हणाले. "आता अगदी बरोबर आहे."